काळी पाच की पांढरी सात

ऑफिसातल्या मैत्रिणीचा मेसेज आला तेव्हा मी आईला वॉकर धरून बाथरूमपर्यंत नेत होते. तिला आत बसवलं, दार नुसतं लोटून घेतलं आणि बाहेर उभी राहून वाचलं. "सर पूछ रहे हैं, तेरा क्लॅरिनेट कौन से स्केल का है? बी फ्लॅट या ए?"

मला माहीत नव्हतं.

"अगं, झालं माझं," आतून आई म्हणाली. "आहेस ना बाहेर?"

"आहे," मी म्हटलं. त्या दिवसांत मी दुसरीकडे कुठे असणार होते!

आईचं खुब्याचं हाड मे महिन्यात मोडलं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर म्हणाले चालवा, पण पडण्याची जी भीती तिच्या मनात बसली ती काही उठेना. नोएडातला आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. भाऊ पुण्यात, संसारात. माझं लग्न झालेलं नाही आणि काम घरूनच असतं, एका सॉफ्टवेअर कंपनीची मॅन्युअल लिहिण्याचं. त्यामुळे आईजवळ कोणी राहायचं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. सोमवार ते शनिवार सकाळी चार तास एक अटेंडंट यायची, तिला आम्ही दीदी म्हणायचो. तेवढ्यात माझ्या मीटिंगा उरकायच्या. बाकी वेळ आई आणि मी.

नोव्हेंबर लागला तशी हवा बिघडली. खिडक्या बंद झाल्या, फटींना टेप लागली आणि हॉलमधला प्युरिफायर दिवसभर घुमत राहिला. खालच्या औषधाच्या दुकानात जाणं ही माझी सहल. एकदा तर घरात बाम असताना मी बाम आणायला गेले आणि दुकानाबाहेरच्या बाकावर दहा मिनिटं बसून आले. तेवढ्यात आईचे दोन फोन.

ही मैत्रीण व्हायोलिन वाजवते. कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका हॉलमध्ये दर रविवारी सकाळी हौशी लोकांचा वाद्यवृंद जमतो, त्यात ती जाते. मी शाळेच्या बँडमध्ये चार वर्षं क्लॅरिनेट वाजवायचे आणि आजोबांचं एक क्लॅरिनेट घरात पडून आहे, असं मी तिला कधीतरी चहाच्या वेळी बोलले होते. ते तिनं लक्षात ठेवलं. त्यांचा क्लॅरिनेटवाला बंगळूरला गेला, जागा रिकामी झाली, आणि तिनं वृंद चालवणाऱ्या सरांना माझं नाव सांगून टाकलं. क्लॅरिनेट वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये येतात आणि पट्टीप्रमाणे वाजवायचे कागद बदलतात, म्हणून सर विचारत होते. रविवारचे दोन तास. मला त्या दोन तासांची भूक लागली होती.

आजोबा एका संस्थानाच्या बँडमध्ये होते. संस्थान विलीन झालं, बँड मोडला, आणि पुढे ते बाबांकडे दिल्लीला आले, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, त्यात सहा माणसं. रोज सकाळी ते क्लॅरिनेटचे तुकडे जोडायचे, एकच लांब सूर लावायचे, पुसून परत ठेवायचे. पूर्ण गाणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही. ते गेल्यावर क्लॅरिनेट ट्रंकेत गेलं आणि क्वार्टर सोडताना ट्रंकेबरोबर नोएडाला आलं.

मी ट्रंक उघडली. लाकूड ठीक होतं, पण कुठे काही लिहिलेलं नव्हतं. शाळेतल्या क्लॅरिनेटवर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेले असायचे. इथे वरच्या भागावर एक लंबगोल खूण होती, तीही बोटांनी झिजून सपाट झालेली. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं, पीठ लावून पाहिलं, काही उमटलं नाही.

मग आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मोजलं. बी फ्लॅटचं क्लॅरिनेट माउथपीससकट साधारण सहासष्ट-सदुसष्ट सेंटिमीटर असतं, ए त्याहून दोन बोटं लांब, सी बरंच आखूड, असं इंटरनेटवर होतं. आमचं भरलं साडेचौसष्ट.

"टेप जुनी आहे तुझी, ताणली गेली असेल," मी आईला म्हटलं.

"माझी टेप बरोबर आहे," आई म्हणाली. "तुझा बाजाच तिरपा असेल." आईच्या तोंडी दिल्लीत राहून असं अर्धं हिंदी नेहमी यायचं.

जुन्या दिल्लीत बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे दीदीच्या वेळेत कॅबनं जाऊन मी क्लॅरिनेट टाकून आले. भोकांवरचे पॅड वाळून गेले होते, जोडावरचा कॉर्क भुगा झाला होता. आठवड्यानं आणायला गेले तर गल्लीत लग्नाचा बँड उभा, सगळे एकदम आपापली वाद्यं फुंकून बघतायत. म्हाताऱ्यानं माझं क्लॅरिनेट तोंडाला लावून दोन-चार सूर काढले आणि मान हलवली.

"कौन से स्केल का है?" मी ओरडून विचारलं.

"बी फ्लॅट ही है," तो म्हणाला आणि पुढे काहीतरी बोलला. मला ट्रम्पेटच्या आवाजात ऐकू आलं नाही. कॅबवाला हॉर्न देत होता, दीदीची जायची वेळ झाली होती. मी क्लॅरिनेट पिशवीत घातलं आणि पळाले.

घरी आल्यावर खात्री करून घ्यायची होती. आपल्या पेटीवरची काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, पांढरी सहा म्हणजे ए, पांढरी सात म्हणजे बी. डाव्या हाताचा अंगठा आणि पुढची तीन बोटं दाबून फुंकलं की क्लॅरिनेटवर त्याचा सा लागतो, आणि तोच त्याच्या पट्टीचा सूर. मोबाईलवर सूर ओळखणारं ॲप घेतलं. प्युरिफायरच्या आवाजानं त्याचा काटा नाचायला लागला, म्हणून प्युरिफायर बंद केला.

"बंद का केलंस? मला खोकला येईल."

"दोन मिनिटं, आई."

थंडीत क्लॅरिनेट गार पडलं होतं. मी फुंकलं. पहिल्या फुंकेला नुसती हवा, दुसऱ्या फुंकेला किंचाळी, तिसऱ्याला सूर. काटा काळी पाचवर आला, जरा पुढे सरकून थांबला. आतून आई म्हणाली, "काळी पाच. त्यात विचारायचं काय एवढं?"

"कशावरून?"

"पेटी काढ."

आईची पेटी म्हणजे आयुष्यभराची सोबत. क्वार्टरमध्ये ती आसपासच्या मुलामुलींना गाणं शिकवायची, ते या पेटीवर. मी ती तिच्या पलंगावर ठेवली. आईनं भाता सोडला, काळी पाच दाबली. मी पुन्हा फुंकलं. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की कुठला कुणाचा ते कळेना. आईनं पडल्यापासून पहिल्यांदा पेटीला हात लावला होता. तिचा चेहरा उजळला, आणि मला वाटलं, झालं, सुटले. कारागीर म्हणाला, ॲप म्हणालं, आई म्हणाली. मी मेसेज टाकला: बी फ्लॅट.

रविवारी जादा येण्यासाठी दीदीला फार मनवावं लागलं. मेट्रोत बसले तेव्हा मांडीवर पिशवी होती आणि मला उगीचच हसू येत होतं. बाराखंबाला उतरून चालत गेले. हॉलमध्ये वीस-बावीस माणसं होती, एक दातांची डॉक्टर, दोन रिटायर्ड लष्करी अधिकारी, कॉलेजची पोरं. मला क्लॅरिनेटच्या खुर्चीवर बसवलं, समोर कागद ठेवले.

सरांनी कीबोर्डवर सूर दिला. सगळ्यांनी आपापलं वाद्य मिळवलं. मी लावला तर शेजारच्या बासरीवालीनं माझ्याकडे पाहिलं.

"थोड़ा हाय है," सर म्हणाले. "बॅरल बाहर खींचिए."

माउथपीसखालचा तुकडा मी जरा बाहेर ओढला. सूर किंचित उतरला, पुरेसा नाही. आणखी ओढला. आता मधले सूर खाली आले आणि खालचे तिथेच वर राहिले. क्लॅरिनेट स्वतःशीच जुळेना. जसजशी मी फुंकत गेले तसतसं ते गरम होऊन आणखी चढत गेलं. सर उठून जवळ आले, स्वतःच्या मोबाईलवर पाहिलं.

"मॅडम, ये न बी फ्लॅट है, न बी. दोनों के बीच में है. पुराना फ़ौजी बाजा है क्या?"

"दादाजी का है. स्टेट बँड का."

"तभी. पहले फ़ौजी बँड ऊँचा मिलाते थे, पाव सुर के करीब. उस बँड के सारे बाजे वैसे ही होते थे, तो आपस में बराबर बैठते थे. अब इसके साथ कोई नहीं बैठेगा." ते चांगल्या मनाचे होते. "आज आप सुन लीजिए."

मी दोन तास क्लॅरिनेट मांडीवर घेऊन ऐकलं. दीदीचे तीन फोन आले. माताजी विचारतायत कधी येणार, माताजी जेवत नाहीत, माताजी म्हणतायत पाय दुखतोय. परतीच्या मेट्रोत उभी राहिले होते तेव्हा मला त्या कारागिराचं तोंड आठवलं, गल्लीत पुढे काहीतरी बोलणारं. हेच सांगत असणार तो.

घरी पोचेपर्यंत वेगळीच गोष्ट डोक्यात शिरली होती. क्लॅरिनेट जर चढं आहे, तर ते आईच्या पेटीशी तंतोतंत कसं जुळलं?

आई झोपली होती. मी प्युरिफायर बंद केला, पेटी हॉलमध्ये आणली, काळी पाच दाबली आणि मोबाईल पुढे धरला. काटा काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध. काळी एक, पांढरी चार, कुठलीही पट्टी दाबली तरी तेच. सगळीच्या सगळी पेटी चढी होती.

मला लहानपणचा एक बासरीवाला आठवला. मी बारा वर्षांची असेन. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आईचं गाणं ठरलं होतं, आणि साथीला एक तरुण अधिकारी बासरी घेऊन आमच्या क्वार्टरवर तालमीला आला होता. पेटी आणि बासरी जुळेना. तो म्हणाला, वहिनी, पेटी जरा चढी वाटते. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "पेटी बरोबर आहे. तुमची बासरी उतरलेली आहे." त्यानं दुसरी बासरी काढली, तीही जुळली नाही. आई तेच म्हणाली. तो गेला तो परत आला नाही. मंडळात बातमी पसरली की ह्यांना फार गर्व आहे. पुढच्या वर्षी आईला कुणी बोलावलं नाही, त्यापुढेही नाही. आई त्यानंतर घराबाहेर गायली नाही. आणि दिल्लीतल्या लोकांना सुराचं काही कळत नाही, हे वाक्य आम्ही लहानपणभर ऐकलं.

आई उठली तेव्हा मी चहा घेऊन गेले. तिनं विचारलं, "कसं झालं? जुळलं?"

मी त्या वेळी गप्प बसू शकले असते. पण सहा महिन्यांचा राग होता, त्या दिवशीचे तीन फोन होते.

"नाही जुळलं," मी म्हटलं. "तुझी पेटी चुकीची आहे. पहिल्यापासून चुकीची आहे. तो बासरीवाला बरोबर होता. तू उगाच त्याला सगळ्यांसमोर पाडलंस."

आईनं कप बशीत ठेवला. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली, "पाणी", "धर", "सोड". मला फार वाईट वाटत होतं, आणि माफी मागवत नव्हती. चौदाव्या मजल्यावर दोघी, खिडक्या बंद, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यापलीकडे रुसून जायला जागा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होते. ती छताकडे बघत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"पेटी चढी आहे ते. लग्न होऊन आले आणि आठ दिवसांत कळलं मला. माहेरची पेटी अशी नव्हती."

मी हात थांबवला. "मग त्याला तसं का म्हणालीस?"

"मामंजी समोर बसले होते," आई म्हणाली. मामंजी म्हणजे आजोबा. "ती पेटी त्यांची. पेटीवाल्याला बसवून त्यांनी ती त्या बाजाला मिळवून घेतली होती. बँड गेला, नोकरी गेली, बरोबरची माणसं कुठल्या कुठे गेली. रोज सकाळी मला म्हणायचे, सूनबाई, काळी पाच द्या. मी द्यायची. ते सूर लावायचे आणि बरं वाटायचं त्यांना. आता परका माणूस घरात येऊन म्हणतो पेटी चुकीची आहे. मी काय म्हणणार होते, हो?"

"नंतर त्याला एकट्याला सांगायचं होतंस."

"कुठे सांगणार? फोन होता का आपल्याकडे? आणि तुझ्या बाबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जाऊ दे ना यार, गाण्याचं काय एवढं." ती थोडी हसली. "ते तसंच म्हणायचे."

"आणि आजोबा गेल्यावर?"

"तेव्हा कोण येणार होतं विचारायला? पोरं यायची शिकायला. त्यांना काय, जी पेटी असेल ती. आणि परवा तू फुंकलंस तेव्हा मामंजींची सकाळच आठवली, तुला सांगायचं सुचलंच नाही." मग ती म्हणाली, "पाय चोळ. थांबलीस का?"

मी चोळत राहिले. तिचा पाय माझ्या हातात काठीसारखा हलका लागत होता. पस्तीस वर्षं मी तिला गर्विष्ठ समजत होते. तिच्यावर चिडायला मला तेवढं एक भक्कम कारण होतं आणि तेही तिनं त्या दुपारी काढून घेतलं. मला तिची दया आली असं मी लिहिलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. मला भीती वाटली. दोन खोल्यांत, कुणाला दुखवू नये म्हणून, माणूस किती वर्षं काढू शकतो ते माझ्या समोर पडलेलं होतं.

संध्याकाळी मी भावाला फोन केला. नेहमी तो करायचा. मी सांगितलं, रविवारी मला पूर्ण सकाळ बाहेर जायचं आहे, दर रविवारी, आणि दीदी येणार नसेल तेव्हा दुसरं माणूस बघायचं ते तू, पुण्यातून फोन करून. तो म्हणाला, "ताई, अचानक काय झालं?" मी म्हटलं, अचानक नाही. तो "बघतो" म्हणाला. त्यानं खरंच बघितलं, पण पहिल्या दोन बाया टिकल्या नाहीत.

आईनं जानेवारीत स्वतःहून पेटी उतरवून घ्यायला सांगितली. पेटीवाला दोन दिवस हॉलमध्ये सतरंजीवर बसून एकेक सूर काढून घासत होता. आई खुर्चीत बसून प्रत्येक सुरावर हुकूम सोडत होती. "आणखी थोडा. नाही, जास्त झाला." तो मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "माताजी के कान बड़े तेज़ हैं." मी म्हटलं, हो. पेटी सुरात मिळाली तेव्हा आईनं काळी पाच दाबून बराच वेळ धरून ठेवली, आणि भाता बंद केला. "आता कुणाशीही जुळेल," म्हणाली, आणि जेवायला काय आहे विचारलं.

आजोबांच्या क्लॅरिनेटशी जुळणारं आता घरात काही उरलं नाही. ते मी कपाटात ठेवलं आहे. आईला एकदा विचारलं, तुला वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "वाईट वाटायचं ते वाटून झालं."

सरांनी मला शाळेत वापरतात तसलं एक प्लास्टिकचं बी फ्लॅट क्लॅरिनेट वापरायला दिलं. त्यावर नाव, नंबर, सगळं ठळक छापलेलं आहे. मी दर रविवारी जाते असं नाही. दीदी होळीला गावी गेली ती पाच आठवडे आली नाही, एकदा आईला ताप होता, एकदा मी स्वतःच लिफ्टपर्यंत जाऊन परत आले, कारण आईनं जाऊ नको म्हटलं नव्हतं पण दाराकडे पाहत होती. गेले की मात्र दोन तास फोन पिशवीत ठेवते. भावाचा नंबर दीदीला दिला आहे. आई पडली, श्वास लागला, तरच मला, बाकी सगळं त्याला.

एप्रिलमध्ये आमचा छोटा कार्यक्रम झाला. मला क्लॅरिनेटची साधी ओळ होती, फार सूर नव्हते, बहुतेक वेळ मात्रा मोजत थांबायचं आणि मग चार सूर वाजवायचे. ते मी बरोबर वाजवले. संपल्यावर मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर फोन काढला तर आईचे दोन मिस्ड कॉल. लावला.

"झालं का?" आई म्हणाली.

"झालं."

"लोक होते?"

"होते. हॉल भरला होता."

"बरं. अगं, दीदी म्हणते कुकरची शिट्टीच होत नाहीये. वाफ बाजूनं जातेय."

"रबर उलटं बसलं असेल. गॅस बंद करून काढायला सांग आणि पलटून लाव म्हणावं. मी पोचते तासाभरात."

"तासाभरात?"

"तासाभरात," मी म्हटलं आणि फलाटाकडे उतरले.